पाचर मारलेली पवनचक्की

मित्रांनो, दुबईजवळच्या उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर, बर्फाच्या कारखान्यामागे जो लोखंडी मनोरा दिसतो, ती मी. मी एक जुनी पवनचक्की आहे. माझी तिन्ही पाती एका रंगाची नाहीत. डोक्यावरची लोखंडी पेटी एका बाजूने काळी पडली आहे. मनोऱ्याला कमरेपाशी ठिगळ आहे. बर्फ न्यायला येणारे लोक मान वर करून विचारतात, हिला काय झालं होतं?

तेच आज तुम्हाला सांगते. ही गोष्ट गोड नाही. पण तुम्ही मोठे होऊन यंत्रं चालवाल, माणसंही चालवाल, म्हणून ती तुमच्या कानांवर पडलेली बरी.

माझा जन्म डेन्मार्क नावाच्या लहानशा देशात झाला. पूर्वी शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यात लोहारांनी मला घडवलं. त्या देशात कोळशाच्या खाणी नव्हत्या. तेल बाहेरून येई, आणि एकदा ते इतकं महागलं की लोकांना घर गरम ठेवणं जड जाऊ लागलं. मग त्यांनी दाराशी रोज आपटणाऱ्या वाऱ्याकडे पाहिलं. गावातली घरं एकत्र आली, त्यांनी वर्गणी काढली आणि मला टेकडीवर उभं केलं. मी कोणा एकाची नव्हते. दूधवाल्याची होते, शाळामास्तरांची होते, चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या म्हातारीचीही होते. माझ्यासारख्या चक्क्या गावोगाव उभ्या राहिल्या. उत्तरेकडच्या एका शेजारी बेट-देशात तर जमिनीतल्या वाफेवर आणि नद्यांच्या पाण्यावर घरं उजळत. लहान देश, पण आपला दिवा आपण लावायचा, असा त्यांचा बाणा.

वारा मात्र कोणाचा नोकर नसतो. एका हिवाळ्यात असं वादळ आलं की समोरच्या टेकडीवरच्या माझ्या बहिणीचा ब्रेक तुटला. ती वेड्यासारखी फिरू लागली. तिचं पातं निखळलं आणि गोठ्याचं छप्पर फोडून गाईंवर पडलं. त्या गाईंचं ओरडणं वाऱ्यालाही दाबता आलं नाही. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी माझ्याखाली सभा भरवली आणि ठरवलं, प्रत्येक चक्कीला दोन ब्रेक हवेत. एक पेटीत, आसावर पकड घेणारा. दुसरा पात्यांच्या टोकांवर. वेग फार वाढला की टोकं आपोआप आडवी वळायची आणि वाऱ्याला अडवायची. त्या दोन ब्रेकांच्या जिवावर मी वर्षानुवर्षं सुखाने फिरले.

नव्वदचं दशक सरता सरता त्या देशातल्या दर दहा दिव्यांपैकी एखादा दिवा वाऱ्यावर जळू लागला. माझं नाव झालं, कौतुक झालं, आणि त्या कौतुकानेच माझा घात केला. माझ्याहून कितीतरी उंच नव्या चक्क्या आल्या. मला टेकडीवरून उतरवून विकायला काढलं.

मला ज्यांनी शोधलं त्या सुहासिनीताई. मूळच्या पुण्याच्या, शिक्षणाने इंजिनियर, दुबईत देरा भागातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात कामाला. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे या बर्फाच्या कारखान्याचे मालक. सगळे त्यांना अरबाब म्हणत. अरबाब तरुणपणी स्वतः होडी घेऊन समुद्रात जात. मासेमारीच्या बोटींना बर्फ लागतो, बर्फाला वीज लागते आणि कारखान्याची वीज एका डिझेल जनरेटरवर होती. त्याचा धूर पाहून अरबाब वैतागले होते. आपल्या मोडक्या हिंदीत ते ताईंना म्हणाले, "हवा मुफ्त है, तो हम डीझल क्यों जलाता?"

ताई हसल्या. "अरबाब, वारा असेल तेव्हा चक्कीवर बर्फ करायचा आणि साठवायचा. वारा नसेल तेव्हा जनरेटर. डिझेल निम्म्यावर येईल, इन्शाल्ला."

अशी मी इथे आले. समुद्रप्रवासात खारं पाणी माझ्या सांध्यांत शिरलं होतं. इथली बारीक वाळू त्यात बसली आणि पात्यांची टोकं जाम झाली. ताईंनी उभारणीच्या दिवशीच ते पाहिलं. त्यांनी कारखान्याचा फोरमन मिथुन याला बाजूला घेतलं.

"हे बघा मिथुन, मशीन सेकंडहँड असली तरी कंडिशन चांगली आहे. पण टोकांचे ब्रेक जाम आहेत. पार्ट्स डेन्मार्कहून मागवलेत. ते येईपर्यंत पेटीतला डिस्क ब्रेक हा एकच ब्रेक आहे. त्याला कोणी हात लावायचा नाही. तो लागला की समजायचं, मशीन काहीतरी सांगतेय."

"येस मॅडम, नो टेन्शन," मिथुन म्हणाला.

मिथुन मुंबईचा. आडदांड अंगाचा, कामाला वाघ. पण त्याचं तोंड उघडण्याआधी हात उठत असे. ढिलाई दिसली की पाठीत गुद्दा, उलट उत्तर आलं की कानफटात. कामगार कोकणातले, बिहारचे, पाकिस्तानचे. सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात, म्हणून सगळे गप्प.

माझी देखभाल किसनकडे आली. तो हर्णे बंदराकडचा, कोळ्याचा मुलगा, शिडीवर माकडासारखा चढणारा. त्याच्याच गावचे भिकाजीकाका कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळत. बर्फ करायला नळ्यांतून अमोनिया फिरवावा लागतो. तो नळीत असतो तोवर गुणाचा. बाहेर आला की छाती जाळतो, डोळे जाळतो. काका त्या नळ्यांवरून हात फिरवून त्यांची तब्येत ओळखत. किसनला ते पोटच्या पोरासारखं मानत.

पहिलं वर्ष छान गेलं, डेन्मार्कचे पार्ट्स मात्र आले नव्हते. मी वाऱ्याचा बर्फ करत होते. पांढऱ्या लाद्या घसरगुंडीवरून धडाधड खाली येत आणि बोटींवर चढत. एकदा ताईंनी आपल्या मुलीला, मैथिलीला, आणलं. ती कानांवर हात ठेवून म्हणाली, "आई, व्हाय इज शी सो लाउड?" ताई म्हणाल्या, "वाऱ्याशी भांडतेय ना, म्हणून." मला ते उत्तर फार आवडलं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाशी शमाल सुरू झाला. शमाल म्हणजे इथला वायव्येचा वारा. तो एकटा येत नाही, सोबत वाळवंट उचलून आणतो. त्याच्या झटक्यांनी माझा ब्रेक पुन्हापुन्हा लागू लागला. दर वेळी किसनने वर चढायचं, सगळं तपासायचं आणि मला मोकळं करायचं. तोवर बर्फ अडे. नेमका तेव्हाच मासळीचा मोसम जोरात होता. धक्क्यावर बोटी खोळंबल्या, मासे सडू लागले. बोटवाले मिथुनला शिव्या घालत आणि तो त्या दुपटीने कामगारांवर ओतत असे.

एका सकाळी त्याने किसनसमोर लोखंडाची पाचर टाकली.

"ही घे. ब्रेकच्या दोन पकडींच्या मध्ये ठोक. परत लागता कामा नये."

किसनने पाचर उचलली नाही. "फोरमनसाहेब, बाईंनी सांगितलंय, ब्रेकला हात लावायचा नाही. दुसरा ब्रेक जाम आहे. हाही गेला तर ती थांबणार कशावर?"

"बाई देरात एसीत बसते. इथे शिव्या मी खातो. यल्ला, चढ वर!"

"मी नाही ठोकणार."

मिथुनने स्वतः पाचर उचलली आणि चढला. मित्रांनो, माझ्या अंगात शिरलेलं ते लोखंड मला आजही आठवतं. हातोड्याच्या घावांनी माझं डोकं दणाणलं. पकडी दोन बाजूंना ताणल्या गेल्या आणि तशाच राहिल्या. मी फिरू शकत होते. पण थांबणं माझ्या हातात उरलं नव्हतं.

तो खाली उतरेपर्यंत किसन ऑफिसात फोनपाशी पोहोचला होता. ताईंचा नंबर फिरवत होता. मिथुनने कोपऱ्यातला पाइप उचलला. पहिला फटका फोनवर बसला, दुसरा किसनच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज उघड्या दारातून माझ्यापर्यंत आला. मिथुन त्याला कॉलर धरून अंगणात घेऊन आला आणि लाथा घालू लागला. "फोन करतोस? माझ्यावर फोन करतोस?" कामगार काम सोडून उभे राहिले. पुढे कोणी झालं नाही.

भिकाजीकाका धावत आले आणि किसनवर आडवे पडले. पाइपचा पुढचा फटका त्यांच्या पाठीत बसला. म्हातारा कळवळला, पण उठला नाही. "मार," ते म्हणाले, "मला मार. पोराला सोड."

मिथुनचा हात वरच राहिला. त्याने पाइप फेकला आणि ओरडला, "खलास! कामाला लागा सगळे!"

दवाखान्यात किसनने सांगितलं की तो शिडीवरून पडला. खरं सांगितलं तर व्हिसा रद्द होईल, या भीतीने. ऑफिसात नवा फोन आला. ताईंनी त्यावर खुशाली विचारली तेव्हा मिथुनने उत्तर दिलं, "ऑल ओके मॅडम, मशीन एकदम फर्स्ट क्लास." ते काही खोटं वाटत नव्हतं. मी न थांबता फिरत होते, बर्फाला खंड नव्हता, बोटवाले खूश होते. माझं कौतुक पुन्हा सुरू झालं. आत ती पाचर होती आणि माझ्या सांध्यांना वंगण लागलं नव्हतं, कारण ज्याने लावायचं त्याचा हात गळ्यात बांधलेला होता.

आणि एके दिवशी भर दुपारी आकाश पिवळं झालं.

आधी समुद्र दिसेनासा झाला, मग धक्का, मग समोरचं छप्पर. शमाल भिंतीसारखा अंगावर आला. जनरेटरच्या जाळीत वाळू बसली, तो खोकला आणि बंद पडला. त्याच्याबरोबर कारखान्याची वीज गेली. मित्रांनो, वारा असतानाही जनरेटर मंद चालू ठेवावा लागे. मी आणि तो एका जुवाला जोडलेल्या बैलांसारखे होतो. विजेचं ओझं ओढताना माझा वेग आवरलेला असे. ते ओझंच माझी वेसण होती. जनरेटर थांबला आणि वेसण तुटली.

मी उधळले. ब्रेकच्या स्प्रिंगने जीव खाऊन पकडी मिटायचा प्रयत्न केला, पण मध्ये पाचर होती. टोकं वळायला धडपडली, वाळूने ती धरून ठेवली होती. वेग वाढत गेला. पात्यांचा आवाज आधी गुरगुरण्यासारखा, मग किंकाळीसारखा झाला. मनोऱ्याचे बोल्ट एकेक करून ढिले पडू लागले. खाली माणसं सैरावैरा पळत होती आणि मी काही करू शकत नव्हते.

माझं एक पातं मधून फाटलं. त्याचा अर्धा भाग सुटला आणि सरळ कारखान्याच्या छपरावर गेला. पत्रे उडाले. आत अमोनियाची नळी कापली गेली आणि पांढरा धूर फुसफुसत बाहेर आला. कामगार खोकत, आंधळ्यासारखे चाचपडत दारातून पडत होते. भिकाजीकाका त्यांच्यात नव्हते. ते मुख्य झडप बंद करायला आतच राहिले होते.

"काका!" किसन ओरडला. त्याने गोणपाट पाण्यात बुडवून तोंडाला गुंडाळलं.

मिथुन माझ्या शिडीपाशी उभा होता. अर्धं पातं गेल्यामुळे मी आता नुसती फिरत नव्हते, मनोऱ्यासकट हिसके देत होते. दुसरं पातं कुठल्या क्षणी सुटेल, ते कामगारांच्या खोल्यांवर पडेल की धक्क्यावर, सांगता येत नव्हतं. मिथुन वर बघत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

किसनने चांगल्या हाताने त्याला धक्का दिला. "बघता काय? पाचर तुम्ही मारलीत, तुम्हीच काढा! चढा!"

आणि तो धुरात शिरला.

मिथुन चढला. मी खोटं सांगणार नाही. त्या माणसाने माझं वाटोळं केलं होतं, पण त्या शिडीवर चढायला जे काळीज लागतं ते त्याच्याकडे होतं. वाळू त्याची कातडी सोलत होती. दोनदा त्याचे पाय सुटले आणि तो नुसत्या हातांवर लोंबकळला. पेटीत आल्यावर त्याला उभंही राहता येईना. मी त्याला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटत होते. त्याचं कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त उतरलं. त्याने एका हाताने आसाची चौकट धरली आणि दुसऱ्या हाताने हातोडा मारायला सुरुवात केली.

पाचर हलेना. त्याने ती फार पक्की मारली होती.

"निघ! निघ ना गं!" तो रडत ओरडत होता. घाव पाचरेवर बसत होते, निसटून त्याच्या बोटांवर बसत होते. शेवटी ती सुटली आणि ठणकन कुठेतरी उडाली. माझ्या पकडी मिटल्या. इतके दिवस ताणलेली स्प्रिंग एका क्षणात चावली. लोखंडावर लोखंड घासलं, ठिणग्यांचा फवारा उडाला आणि जुन्या ग्रीसने पेट घेतला.

मी थांबत होते. जळत होते आणि थांबत होते.

मिथुन पेटलेल्या सदऱ्यानिशी शिडी उतरू लागला. अर्ध्यावर त्याचे हात सुटले. तो माझ्या पायथ्याशी पडला तेव्हा त्याचे दोन्ही पाय भलत्याच दिशेला वळले होते. हमदुल्ला नावाचा पठाण पाण्याचा टँकर घेऊन कारखान्यात आलेला होता. त्याने पाइप उघडून आधी मिथुनवर पाणी मारलं, मग अमोनियाच्या धुरावर. पाण्याने तो वायू दबतो. त्या पाण्यातून किसन काकांना ओढत बाहेर आला. काका जिवंत होते. झडप त्यांनी बंद केली होती. पण त्यांचे डोळे भाजून पांढरे झाले होते.

"किसन्या, दिवस मावळला काय रे?" ते विचारत होते. "काय दिसत नाय."

किसनने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

ग्रीस जळून माझी आग विझली तेव्हा अरबाब आले, पाठोपाठ त्यांचा मॅनेजर. काळवंडलेल्या माझ्याकडे बोट दाखवून मॅनेजर ओरडू लागला, "युरोप का कचरा! बोला था मैंने, पुराना मशीन मत लो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. यंत्राला तोंड नसतं, त्यामुळे दोष त्याच्या गळ्यात चटकन बसतो.

स्ट्रेचरवरून मिथुनने हात वर केला.

"नहीं अरबाब. मशीन अच्छा था. ब्रेक में पाचर मैंने मारा." त्याला धाप लागत होती. "और ये लड़का शिडी से नहीं गिरा. इसका हाथ मैंने तोड़ा."

मिथुनने किसनकडे मान वळवली. "किसन, माफ कर."

"आत्ता सांगून काय उपयोग?" किसन म्हणाला. "माझा हात जुळेल. काकांचे डोळे देता का? मी ओरडत होतो तेव्हा ऐकलं असतंत..." त्याने माफ केलं नाही. मिथुनलाही ते कळलं. त्याने डोळे मिटून घेतले.

भिकाजीकाका गावी परत गेले. विमानतळावर किसन त्यांचा हात धरून गेला होता. मिथुन पुढे कुबड्यांवर चालू लागला आणि मुंबईला गेला एवढंच ऐकलं. सुहासिनीताई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मी फोनवर विश्वास ठेवला," त्या किसनला म्हणाल्या. "स्वतः यायला हवं होतं." त्यांनी अरबाबना पटवलं, एका मोडीत निघालेल्या चक्कीची दोन पाती आणली, मनोऱ्याला ठिगळ लावलं, दोन्ही ब्रेक नवे बसवले. मी पुन्हा फिरू लागले. किसन फोरमन झाला आणि माझं वंगणपाणी हमदुल्लाकडे आलं. त्याने टँकर सोडून कारखान्यातच नोकरी धरली होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. पण एक दिवस अजून सांगायचा आहे.

पुन्हा शमालचे दिवस, पुन्हा मासळीचा मोसम. धक्क्यावर बोटींची रांग. माझा ब्रेक लागला. हमदुल्ला वर चढला आणि मान हलवत उतरला.

"आज नहीं चलाएगा, किसनभाई. ब्रेक का तेल टपक रहा है. पहले ठीक करेगा."

"किती वेळ?"

"शाम हो जाएगा."

"शाम?" किसनचा आवाज चढला. "बाहेर बघ! मासे सडतायत! लोक माझ्या नावाने बोंबलतायत! चल, सुरू कर!"

"नहीं करेगा," हमदुल्ला म्हणाला.

किसनची मूठ वर गेली. कामगार थबकले. पाहणाऱ्यांचे चेहरे तेच होते, अंगण तेच होतं. मला वाटलं, संपलं. हात उगारण्याचा हा रोग हवेतून पसरतो, एकाकडून दुसऱ्याकडे.

हमदुल्ला मागे सरला नाही. त्याने फक्त डोळे बारीक केले, फटका खायला तयार असलेला माणूस करतो तसे.

किसनने ते पाहिलं. मग त्याची मूठ खाली आली. हळूहळू, जणू तिच्यात फार वजन होतं. तो वळला आणि एकटाच धक्क्यावर गेला. "आज बर्फ मिळणार नाही," त्याने बोटवाल्यांना सांगितलं. "ब्रेक बिघडलाय. ब्रेकशिवाय मी चक्की चालवत नाही." बोटवाले भडकले. कोणी त्याला ढकललं, कोणी सडकी मासळी तोंडावर फेकली, एकाने थोबाडीत मारली. त्याने हात उचलला नाही.

तो परत आला तेव्हा ओठातून रक्त येत होतं आणि सदऱ्याला खवले चिकटले होते. हमदुल्ला धावत पुढे झाला. किसनने तोंड पुसलं आणि म्हणाला, "काम नीट कर. घाई नको."

मित्रांनो, मी एक यंत्र आहे. मला वंगण द्या, माझे गंजलेले सांधे पुसा, माझे बोल्ट आवळा. एवढं केलंत तर वाऱ्याकडून उजेड आणि बर्फ मागून आणेन, धूर करणार नाही, जमिनीतलं तेल संपवणार नाही. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. जे चालतं, त्याला थांबण्याची सोय ठेवा. आणि एखादा माणूस घाबरत, हात जोडून का होईना, 'थांबा' म्हणाला, तर त्याच्यावर हात उगारू नका. त्या दिवशी बोटी रिकाम्या परतल्या. संध्याकाळी ब्रेक दुरुस्त झाला, आणि त्या रात्री कामगार आपापल्या खोल्यांत डोळे मिटून निवांत झोपले.